तांब्या आणि तंबोरा

आमच्या वडगावच्या महिला भजनी मंडळात दोन पक्ष आहेत. एक कोमट पाण्याचा, दुसरा ज्येष्ठमध-खडीसाखरेचा. गजरात एकीचा सूर दुसरीला लागू देत नाही, पण फ्रीजच्या बाटलीविरुद्ध दोन्ही पक्षांची पक्की युती. आम्हाला गाणं शिकवणारे सर या सगळ्यांच्या वरचे. "तहान लागायची वाट बघू नका, दिवसभर घोट-घोट घ्या," हा त्यांचा मंत्र. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते सुळेभावीला, इथं बेळगावजवळच. "आपल्या भागात पाण्यातच गाणं आहे," असं सर म्हणतात. ते पाण्यातून बाहेर काढायचं काम सध्या माझ्याकडं आहे.

गंमत अशी, की प्यालेलं पाणी आवाजाच्या वाटेला जातच नाही. गिळताना श्वासनलिकेवर झाकण बसतं आणि पाणी अन्ननलिकेतून थेट खाली. चुकून थेंब स्वरतंतूंपर्यंत पोचलाच, तर गाणं राहतं बाजूला, ठसका लागतो. म्हणजे आधी पोट, मग रक्त, आणि मग कधीतरी स्वरतंतूंवरचा चिकट थर पातळ होणार. पेटीच्या काळी चार पट्टीत सा लावला की हे तंतू सेकंदाला दोनशेच्या वर वेळा एकमेकांवर आपटतात, तार सा लावला की चारशेच्या वर. कोरडे असले तर घासणारच. स्टेजवर चढताना घेतलेला घोट नुसती जिभेची समजूत काढतो. खरं पाणी सकाळपासून प्यावं लागतं. वर पोचायला त्याला इतका वेळ, पण खालच्या वाटेला अजिबात उशीर नाही!

उन्हाळ्यात निदान पाणी पिण्यात काही शौर्य तरी असतं. नळाची पाळी, पिंपं, हंडे, कळशा, आणि त्यातून मी गळ्यासाठी वेगळी कळशी काढून ठेवते म्हणून घरात कुजबुज. खरी परीक्षा जुलैत. बेळगावचा पाऊस लागला की भिंतीला ओल, पापडाला ओल, दोरीवरचे कपडे चार दिवस तसेच. सगळं गाव ओलं, कोरडा फक्त माझा गळा. आत्या चुलीजवळ शेकत बसून बघतात. "पाण्यात बसून बेडूक रात्रभर गातंय, त्याला कोण बक्षीस देतंय?" चहा सोडायला मात्र मी तयार नाही. चहातलं पाणीही पाण्यातच धरतात, हे मला कळलंय आणि मी ते मंडळात सगळ्यांना सांगून टाकलंय. वाफेचंही मला पटतं. ती तरी श्वासाबरोबर थेट जागेवर जाते. शिवाय टॉवेलाखाली डोकं असेपर्यंत कुणी भाजी निवडायला सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात निपाणीला भजन स्पर्धा होती. सकाळपासून घोट-घोट चालूच. २०२३ पासून आमच्या राज्यात बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळं कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट हातात दिलं. काकती मागं पडायच्या आत मला कळलं, की आज गळा उत्तम तयार आहे. वाटेतल्या एका स्टँडवर बस थांबली तशी मी धावले. दारात टेबल टाकून बसलेली बाई म्हणाली, "पाच रुपाय, चिल्लर." प्रवास फुकट आणि मुक्काम विकत! पाकिटात सगळ्या शंभराच्या नोटा. मागून कंडक्टर कानडीत ओरडतोय, "लगू बर्री अक्का!" म्हणजे लवकर या. शेवटी पखवाजवाल्या वैनींनी पाच रुपये भरले आणि तेवढ्यावरून मला संध्याकाळपर्यंत ऐकवलं.

स्पर्धेत आमची चिठ्ठी निघाली शेवटून दुसरी. हॉलच्या मागं एकच दार, आणि त्या दारापुढं चौदा मंडळांच्या नऊवाऱ्या. मी मुकाट्यानं फिरले. तेवढ्यात संयोजकांनी आग्रहानं चहा दिला, सरांनी कोमट पाण्याचा तांब्या पुढं केला. "पितो की सर, खरं जायचं कुठं?" असं म्हणायचं ओठावर आलं होतं, पण सरांसमोर ते बोलवेना.

अभंग सुरू झाला आणि आवाज असा लागला, की मलाच नवल वाटलं. खाकरणं नाही, खरखर नाही, तार सा स्वच्छ. समोरची माणसं डोलायला लागली. नेमकं तेव्हाच वैनींच्या अंगात आलं. एक तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा, परत तिहाई, मान हलवून आणखी एक. माझं सगळं लक्ष आता पोटाखाली. मी डोळ्यांनी विनवतेय, त्यांना वाटतंय मी दाद देतेय. मग मीच लय ओढली. टाळकरी दचकून मागोमाग आल्या आणि शेवटचं कडवं कधी आलं नि कधी गेलं ते पेटीवालीलाही कळलं नाही. सम गाठली ती मी उभ्यानंच.

परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं, 'आवाज मोकळा व तयार. अखेरीस लय अकारण वाढली.'

परतीच्या बसमध्ये सर त्या 'अकारण' शब्दावर संकेश्वरपर्यंत विचार करत बसले. मग मागच्या सीटवरून त्यांचा हात पुढं आला, हातात भरलेली बाटली. "शेवटी गळा सुकला तुमचा. धरा, घोट-घोट घ्या."