चिटाचं कापड आणि कोपऱ्यातलं नाव

मागच्या महिन्यात साताऱ्याहून मावसबहिणीचा फोन आला. ती माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या गोधड्या विकून देते. तिकडच्या एका दुकानाने जुन्या गोधड्यांचे फोटो घेऊन तीच ठिगळं, तोच धावदोरा कापडावर छापलाय. त्याच्या चादरी आणि पिशव्या करून विकतात आणि खाली लिहितात, 'नफ्याचा काही भाग ग्रामीण महिलांसाठी'. त्यातली एक गोधडी बहिणीने ओळखली. तिच्याच गटातल्या एका बाईची होती. त्या बाईला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"तू तिकडे हौसेने असलंच कापड घेतेस ना? मग सांग, यात चूक काय आणि बरोबर काय."

हो, घेते. अकरा वर्षं मी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये राहते आणि हे गाव रजयांचं, म्हणजे इकडच्या गोधड्यांचं आहे. १९९७ साली आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्याने सुमारे ९५० रजया इथल्या विद्यापीठाला दिल्या. त्यातून रजयांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं आणि २००८ साली त्याला स्वतःची इमारत मिळाली. अशा संग्रहांतल्या जुन्या रजयांवरून कापड कंपन्या छापील कापड काढतात आणि त्याचा मोबदला संग्रहालयाला मिळतो. इथली शिवणाऱ्यांची मंडळं हेच कापड घेऊन रजया शिवतात. त्यांचा लिलाव होतो, पैसे आजारी मुलांसाठी किंवा मारझोडीतून सुटलेल्या बायकांच्या निवाऱ्यासाठी जातात.

हे काम आजचं नाही. पहिल्या महायुद्धात इथल्या बायका रेडक्रॉससाठी सह्यांच्या रजया करत. थोडे पैसे दिले की तुमचं नाव लाल दोऱ्याने रजईवर भरलं जाई, आणि नावांनी भरलेली रजई पुन्हा विकायला काढत. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, तसंच हे.

पहिल्यांदा असं कापड घेतलं तो दिवस लख्ख आठवतो. यार्डाचा चौथा हिस्सा, १८ बाय २२ इंचांचा तुकडा. मंजिष्ठेसारखा तांबूस तपकिरी रंग, त्यावर बारीक वेलबुट्टी. किनारीवर गोल ठिपक्यांची रांग, छपाईत जितके रंग तितके ठिपके, आणि शेजारी मालिकेचं नाव. हात फिरवला आणि आजीचा चिटाचा, म्हणजे छापील सुती कापडाचा, परकर आठवला. माळ्यावरच्या पेटीत होता तो, डांबरगोळ्यांच्या वासात. दुकानातल्या बाईंनी सांगितलं, मूळ कापड अमुक काळातलं, अमुक रजईतलं. मी म्हटलं, याच्याही आधीचं आहे हो हे, आमच्याकडचं आहे.

खरंच आहे ते. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरचं चीट जहाजं भरभरून युरोपात जाऊ लागलं. धुतलं तरी रंग जात नाही, हे तिथल्या लोकांना नवल होतं. त्यांचे विणकर इतके धास्तावले, की फ्रान्सने १६८६ साली या कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७०१ साली आयात रोखली आणि १७२१ साली छापील सुती कापड अंगावर आणि घरात वापरायलाही मनाई केली. बंदी असतानाही लोकांना ते हवंच होतं, म्हणून तिथल्या छापखान्यांनी नक्कल करायला घेतली आणि पुढे त्यावरच मोठे उद्योग उभे राहिले. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द आपल्याच छींट-चिटातून गेलेला आहे. म्हणजे लिंकनमध्ये मी जे 'जुन्याची नक्कल' म्हणून विकत घेतलं, ते मूळ जुनंही आपल्या चिटाची नक्कल होतं. ज्याने पहिल्यांदा ते रंगवलं, त्या कारागिराचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून जून २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलांवरून घराघरांत वाद पेटला, तेव्हा माझ्या मनात नुसता संताप नव्हता. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. आरडाओरड झाली, मग कंपनीने मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. आमच्या घरच्या ग्रुपवर भाऊ लिहीत होता, 'चोर आहेत, चोर'. मामा लिहीत होते, 'अरे, फुकटात जाहिरात झाली की.' दोघांचंही मला पटलं नाही. जग एकमेकांच्या नकला करतच चाललंय, आणि आपणही करतो. माझं दुखणं दुसरंच आहे: नक्कल करताना करणारीचं नाव पुसलं जातं, आणि त्या पुसण्यावर दानधर्माचं पांघरूण घातलं जातं.

इथेही हे झालेलं आहे. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जियातली, गुलामगिरीत जन्मलेली स्त्री. १८८०च्या दशकात तिने बायबलमधले प्रसंग कापडाच्या तुकड्यांतून रजईवर मांडले. एका चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली, तेव्हा हॅरिएटने साफ नकार दिला. चार-पाच वर्षांनी घरात ओढाताण सुरू झाल्यावर ती स्वतःच विकायला निघाली. दहा डॉलर सांगितले, हाती पाच पडले. आज ती रजई वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियनने तिच्यासह काही रजयांच्या नकला करायचा परवाना एका कंपनीला दिला. कंपनीने त्या चीनमध्ये शिवून घेतल्या आणि कॅटलॉगमधून स्वस्तात विकल्या. संग्रहालयाला उत्पन्न मिळणार होतं, हेतू चांगलाच होता. पण १९९२ साली देशभरच्या शिवणाऱ्या बायका उठल्या. आमच्या आज्यांचं काम आणि पैसे मात्र भलत्यालाच, असं त्यांचं म्हणणं. पुढे काही काम देशातल्याच शिवणाऱ्या गटांकडे वळवावं लागलं. परक्याने घेतलं म्हणून त्या चिडल्या नव्हत्या. त्यांच्याच देशातल्या सर्वात मोठ्या, सर्वात आदराच्या संस्थेला त्यांनी जाब विचारला. आपण हे घरच्या दुकानाला का विचारत नाही?

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येते. इथलं आणि तिथलं एका मापाने मोजायची चूक मी बरीच वर्षं केली. आमच्या मंडळातल्या बायका निवृत्त आहेत, पेन्शन आहे, घर आहे. त्या महिनाभर रजई शिवून दान करतात ते खरंच दान आहे, त्याला माझा नमस्कार. माणमधल्या बाईचं तसं नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली तर हजेरी मिळते, त्या दिवशी गोधडीला बसली तर ती हजेरी बुडते. तिच्या टाक्यांवर कमवायचं आणि त्यातला 'काही भाग' तिच्यासारख्यांनाच दान म्हणून द्यायचा, याला मी धर्मादाय म्हणणार नाही. आधी मजुरी द्या, नक्षीचा मोबदला द्या, मग काय द्यायचं ते दान द्या. आणि 'काही भाग' म्हणजे किती आणि कुणाला, ते आकड्यात लिहा.

छापील गोधडीला माझा विरोध नाही. उलट एका कारणासाठी ती मला हवीच आहे. जुन्या रजयांत तपकिरी तुकडे सगळ्यात आधी विरतात, कारण तो रंग धरायला लोखंड वापरत आणि ते लोखंड सूत खातं. संग्रहालयात काचेआड मी अशी रजई पाहिली आहे. लाल आणि निळे तुकडे धडधाकट, आणि तपकिरी फुलांच्या जागी नुसता आतला कापूस. त्या फुलांची वेलबुट्टी आता फक्त नकलेतच पुरी दिसते. आपल्याकडे तर गोधडी विरली की तिची पायपुसणी होते, मग तीही जाते. जुनेरातून आलेली ती, जुनेरातच जाते. माझ्या आजीच्या वाकळेचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.

इथे १९८१ साली केंटकीत एक काम सुरू झालं. गावोगाव दिवस ठरवले, लोक घरातल्या रजया घेऊन आले आणि कार्यकर्त्यांनी प्रत्येकीचा फोटो घेतला, कोणी शिवली, केव्हा, कुठे, ते विचारून लिहून ठेवलं. पाहता पाहता बाकीच्या राज्यांनीही तेच केलं. त्याला फार पैसा लागला नाही, चिकाटी लागली. प्रत्येक तालुक्यात बचत गट आहेत, शाळा आहेत, हातात फोन आहेत. मानांकनासाठी भांडणारे आपण एवढं करू शकत नाही का? नोंदच नसेल, तर उद्या कुणी नक्षी उचलली तेव्हा दाखवणार काय?

हे सगळं बहिणीला सांगितलं. दुकानाला तिने पत्र लिहिलंय: त्या बाईचं नाव छापा, तिचा मोबदला ठरवा. उत्तराची वाट पाहतेय. आणि गटाच्या प्रत्येक नव्या गोधडीच्या मागे, कोपऱ्यात, शिवणारीचं नाव भरायचं ठरवलं. आपण भांड्यावर नाव घालतो तसं.

बायकांना ते आवडलं, पण गाडी वेगळ्याच जागी अडली. माहेरचं नाव घालायचं की सासरचं? थोरल्या म्हणतात सासरचं, लोक काय म्हणतील. एक जण ठामपणे म्हणाली, मला हा टाका माझ्या आईने शिकवला, तेव्हा माहेरचंच. दुपारभर त्यावरच बोलणं चाललं होतं म्हणे, फोनमध्ये मागे त्यांचे आवाज ऐकू येत होते.