ज्यादा तासाला बसवलं, पण कशासाठी?

आमच्या गल्लीतला एक पोरगा सहावीत आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. त्याच्या घरात तेलुगू, गल्लीत आपली सोलापुरी मराठी, आणि पुस्तकात तिसरीच मराठी. परवा त्याची आई विड्या वळता वळता म्हणाली, "अक्का, शाळेत सांगितलंय घरी लक्ष द्या म्हणून. मजुरी हजार विड्यांवर मिळते, उठू कधी? आणि बसले जवळ तरी मला काय कळणार त्यातलं?"

शाळेनं काहीच केलं नाही असं नाही. शाळा सुटल्यावर गणिताचा ज्यादा तास ठेवला. 'अप्रगत' पोरं सगळी एका खोलीत, आणि फळ्यावर सकाळचीच उदाहरणं.

मी त्याला घेऊन बसले. शाब्दिक उदाहरण कोरं सोडायचा. तेच मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तर उत्तर तोंडी, आणि बरोबर! म्हणजे पोराचं गणित ठीक आहे, अडतंय ते वाचन. त्याच्याच बाकावरची मुलगी धडाधड वाचते, पण हातच्याची वजाबाकी आली की थांबते. दोघांना एकच औषध चाललंय.

अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत यासाठी तीन पायऱ्या असतात. आधी वर्गातच सगळ्यांना नीट शिकवणं. तरी जे मागे राहतात त्यांचा लहान गट करून काही आठवडे नेमक्या अडलेल्या गोष्टीवर काम, मधून मधून छोटी चाचणी. जमलं की पोरगं गटातून बाहेर. नाहीच जमलं, तर एकेकट्याला घेऊन बसणं आणि कारण शोधणं. डोळे, कान, डिस्लेक्सिया (म्हणजे हुशार असूनही अक्षरं वाचताना अडणं), काहीही असू शकतं. (अशी शिकण्यातली अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, 2016 च्या दिव्यांग कायद्यातही आहे. आपल्याकडे मात्र अजून 'ढ' म्हणून मोकळे होतात.)

एवढ्या लांब जायलाही नको. 'प्रथम' संस्था इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे गट करते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये तर लिहिलंय की शिक्षकानं प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवायचं. लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त 'आठवीपर्यंत नापास नाही'. 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा आली, तर किती जणांना हायसं वाटलं! मला नाही वाटलं. तेच वर्ष तसंच पुन्हा, म्हणजे वर्षभराचा ज्यादा तासच की.

बाईंवर राग नाही माझा. मतदार यादीचं काम आलं की त्यांचाच वर्ग आधी वाऱ्यावर सुटतो. पण आठवड्यातले तीन तास शाळेच्या वेळातच, पाचवी ते सातवीची पोरं वाचनाच्या गटांत बसवून घेता येतील. शाळा सुटल्यावर थांबवलं की बाकीची पोरं खिडकीतून चिडवतात, "का बे, राहिला का आत?" मग थांबवलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरीच.

शनिवारी पालकसभा आहे. त्याची आई अर्ध्या दिवसाच्या विड्या सोडून येणार आहे, मीही जाणार आहे सोबत. मार्क नका सांगू म्हणणार आहोत. पोरगं नेमकं कुठं अडलंय, तेवढं कागदावर लिहून द्या.