‘शिकागोत कायदे कडक, तरी खून सर्वांत जास्त’: या दाव्यात नेमकं काय चुकतं

‘बंदुकीचे सर्वांत कडक कायदे शिकागोत आणि सर्वांत जास्त खूनही शिकागोतच. म्हणजे कायद्यांचा उपयोग शून्य. ज्याला मारायचंय तो मारणारच.’ अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. छोटासा मजकूर, पण त्यातलं प्रत्येक विधान एकतर चूक आहे किंवा अर्धवट.

‘कायदे सर्वांत कडक’

शिकागोची 1982 ची हँडगनबंदी 2010 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मॅकडोनाल्ड खटल्यातल्या निकालानंतर संपली. कपड्याआड बंदूक बाळगण्याचा परवाना देणारा कायदाही, शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयने 2013 मध्ये केला. राज्याचे नियम शेजाऱ्यांपेक्षा आजही कडक आहेत, बंदूक जवळ ठेवायला राज्याचं फॉइड कार्ड (बंदूकधारकाचं ओळखपत्र) लागतं. पण लोक ज्या बंदीचा दाखला देतात, ती केव्हाच इतिहासजमा झाली आहे.

‘खून सर्वांत जास्त’

शिकागोची वस्ती सुमारे 27 लाख, त्यामुळे एकूण आकडा मोठा दिसणारच. तुलना लाखामागे करावी लागते. 2021 हे शिकागोचं फार वाईट वर्ष होतं. तेव्हा सुमारे 800 खून झाले, म्हणजे लाखामागे 30 च्या आसपास. सेंट लुई शहरात 2020 मध्ये 263 खून झाले, लाखामागे सुमारे 87. आणि ते शहर ज्या मिसुरी राज्यात आहे, तिथे हँडगन खरेदीपूर्वी परवाना घेण्याची अट 2007 मध्येच रद्द झाली होती.

‘कायद्यांचा उपयोग शून्य’

शिकागोच्या आग्नेय सीमेला लागून हॅमंड आहे आणि हॅमंड इंडियाना राज्यात येतं. शिकागो शहराच्या 2017 च्या अहवालानुसार, गुन्ह्यांत सापडून माग काढता आलेल्या बंदुकांपैकी सुमारे 60 टक्के इलिनॉयबाहेर विकल्या गेलेल्या होत्या. एकट्या इंडियानाचा वाटा 21 टक्के.

परराज्यातल्या माणसाला दुकानातून हँडगन विकता येत नाही, म्हणून इंडियानाचं ओळखपत्र असलेला, गुन्ह्याची नोंद नसलेला कोणीतरी पुढे केला जातो. दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरताना ‘ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का?’ या प्रश्नावर तो ‘हो’ अशी खूण करतो. पार्श्वभूमी तपासणी त्याची होते, त्यामुळे ती सुटसुटीत पार पडते आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती जाते. पाच कामकाजी दिवसांत एकाच माणसाने दोन हँडगन घेतल्या तर दुकानदाराने सरकारला कळवायचं असतं; म्हणून खरेदी विभागून केली जाते. खासगी विक्रेत्याकडून घेतली, तर इंडियानात तपासणीची सक्तीच नाही. अशा बनावट खरेदीला स्वतंत्र संघीय गुन्हा ठरवणारा कायदा यायला जून 2022 उजाडलं.

एका राज्याचे नियम शेजारच्या राज्याच्या ढिलाईमुळे गळतात, एवढंच यातून सिद्ध होतं. नियम निरुपयोगी असते, तर बंदुका आणायला सीमेपलीकडे जावंच लागलं नसतं.

‘ज्याला मारायचंय तो मारणारच’

सगळ्यात घातक विधान हेच, कारण ते हात झटकायला मोकळीक देतं. शिकागोतल्या 2006 ते 2012 च्या नोंदींवरून असं दिसलं की गोळी लागून जखमी झालेल्यांपैकी 70 टक्के लोक हे एकत्र अटक झालेल्यांच्या जाळ्यातले होते आणि ते जाळं शहराच्या 6 टक्क्यांहूनही कमी लोकांचं. म्हणजे कोणाशी बोलायचं ते बरंचसं ठाऊक असतं.

बॉस्टनने 1996 मध्ये नेमकं तेच केलं. आधी पोलीस आणि रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते मिळून कुठल्या टोळीचं कोणाशी वैर आहे याचा नकाशा तयार करतात. मग प्रोबेशनवरच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं ठेवलेल्या, तरुणांना बैठकीला बोलावलं जातं. समोर पोलीस, सरकारी वकील, पाद्री आणि मदत संस्था असतात. निरोप असा: पुढचा खून ज्या टोळीकडून होईल, त्या अख्ख्या टोळीवर सगळ्या यंत्रणा तुटून पडतील, आणि ज्याला बाहेर पडायचंय त्याला मदत आजपासून. तिथे तरुणांचे खून 63 टक्क्यांनी घटले.

हे फसतं कुठे? मदतीचा शब्द पोकळ निघाला की. इशारा देऊन कारवाई झाली नाही की. आणि सगळ्यात जास्त वेळा, नेतृत्व बदलून बैठका बंद पडल्या की. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 2012 नंतर याच पद्धतीने बंदुकीचे खून सुमारे 31 टक्क्यांनी उतरले; 2020 पासून शहराने ती पद्धत पातळ केली आणि हिंसा पुन्हा चढली. बॉल्टिमोरने 2022 मध्ये एका पोलीस विभागात नव्याने सुरुवात केली. शहरातले खून त्या वर्षी 330 च्या वर होते, 2024 मध्ये 200 च्या आसपास आले. श्रेय एकट्या बैठकांचं नाही, त्या काळात देशभरच खून घटले. पण घट देशाच्या सरासरीहून मोठी होती.

माणसांशी न बोलताही काही साधतं. फिलाडेल्फियात 541 मोकळ्या, उकिरडा झालेल्या जागांवर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही जागांचा कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत आणि मोजकी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि गवत वाढण्याच्या मोसमात दर महिन्याला कापणी ठेवली. गरीब वस्त्यांत अशा जागांभोवती बंदुकीची हिंसा 29 टक्क्यांनी कमी झाली. कुंपणाला मुद्दाम वाट ठेवली होती, म्हणजे शेजारचे लोक आत येऊन बसतील. आणि ओसाड जागेत बंदूक लपवणं त्यामुळे अवघड झालं.