सर, तुम्ही मध्येमध्ये बोलू नका

पोरांचं वाचन रेकॉर्ड करायचं, त्यांनी ते स्वतः बघायचं आणि स्वतःच्या चुका स्वतःच शोधायच्या. ट्रेनिंगमध्ये हे ऐकताना इतकं सोपं वाटतं की लाल पेन आता कुणाला तरी देऊनच टाकावा.

प्रत्यक्षात आधी फोन लागतो. शाळेचा टॅब कपाटात, किल्ली मोठ्या सरांकडे आणि मोठे सर मीटिंगला (ते कायम मीटिंगला असतात, तो विषय वेगळा). म्हणजे फोन माझा. एका मिनिटाचा एचडी व्हिडिओ शंभरेक एमबी सहज खातो, त्यामुळे तिसऱ्या पोराचा नंबर येईपर्यंत स्टोरेज फुल, मग मेव्हण्याच्या लग्नाचे व्हिडिओ उडवायचे आणि घरी गेल्यावर त्याचं उत्तर द्यायचं.

त्यात चौथीतला सगळ्यात हुशार पोरगा कॅमेरा चालू झाला की 'नमस्कार मित्रांनो, लाईक करा, सबस्क्राईब करा' करत बसतो, धडा राहतो बाजूला. एक मुलगी स्वतःचं ऐकून रडायलाच लागली, 'हा माझा आवाज नायच सर.' तिला सांगितलं, बाई, आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडातूनही ऐकू येतो म्हणून भारदस्त वाटतो, मोबाईलमध्ये नुसता हवेतून आलेला असतो. परिणाम काय, तर मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग कानात बोटं घालून गप्पा मारतोय.

पहिल्यांदा बघताना शेरे फक्त केसांवर आणि मागे जांभई देणाऱ्यावर. पण दुसऱ्यांदा लावला तर तीच रडकी मुलगी म्हणते, 'सर, मी पूर्णविरामाला थांबलेच नाय.' जूनपासून मी हेच घसा फोडून सांगत होतो हो! तिनं लगेच परत वाचलं, आणि थांबली.

गाडी इथंच थांबली असती तर बरं होतं. पण पोरांचं लक्ष मग मागच्या आवाजाकडे गेलं. 'हां… पुढे… मोठ्यानं… हां.' तो मी! डी.एड.ला आमचे सूक्ष्म पाठ व्हायचे, म्हणजे शिकवण्याच्या सरावाचे छोटे पाठ, सहा मिनिटांचे. स्टॅनफर्डच्या लोकांनी १९६० च्या दशकात ही पद्धत काढली तेव्हा पाठ कॅमेऱ्यात घेऊन शिक्षकाला दाखवायचे म्हणे. आमच्याकडे कॅमेऱ्याच्या जागी मित्र बसायचा आणि एका चहात निरीक्षण तक्ता 'उत्तम'नं भरून द्यायचा. ही पोरं चहा पीत नाहीत. 'सर, तुम्ही मध्येमध्ये बोलू नका, आमचं चुकतंय ते आम्हाला कळतंय,' असं तोंडावर सांगितलं.

आता शुक्रवारी माझं रेकॉर्डिंग आहे म्हणे. धडा त्यांनीच निवडलाय, सगळा जोडाक्षरांचा, आणि वर्गाला विचारल्याशिवाय डिलीट करायचं नाही हेही ठरलंय.