धुळ्यात चुकायची सोयच नव्हती

परदेशी शिकायला निघालेल्या पोरीला घरचे ढीगभर सूचना देतात. त्यातल्या निम्म्या एकाच गोष्टीच्या: एकटी कुठं भटकू नको. मला विचाराल तर खुशाल भटका, आणि वाट चुकली तर चुकू द्या. मुलींनी तर नक्कीच.

धुळ्यात मला चुकायची सोयच नव्हती. एक तर गावच असं आखलेलं की चार नंबरची गल्ली संपली की पाचवी, आणि कुठूनही निघालं तरी आग्रा रोड हजर. त्यात "तू अमक्याची पोर ना? इकडं कशी?" म्हणणारे काका कोपऱ्याकोपऱ्यावर. पांझरेच्या पुलापलीकडं जायचं तरी भाऊ सोबत. आपण कुठं आहोत हे कुणालाच माहीत नाही, हा अनुभव म्युनिकला जाईपर्यंत मला नव्हता.

तिथं आपली बरीच पोरं होस्टेल, कॉलेज, पार्टटाइम आणि वीकेंडला आपल्याच मंडळींत खिचडी, एवढंच करतात. समजू शकते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं जर्मन खातं) वर्षाचे 11,904 युरो (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा) भरून आलेलं असतं, मागं कर्ज असतं. पण फिरायला पैसे नाहीत हे कारण मला पटत नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथं, सप्टेंबर 2023 पासून विद्यार्थ्यांना जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास 29 युरोत मिळायला लागला. पुढं तो महागला, तरी लोकल, बस, रिजनल गाड्या सगळं त्यात येतं. आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, तेवढी नाही.

म्युनिकहून आल्प्सकडं जाणारी एक गाडी होल्त्सकिर्शनला तुटते. काही डबे बायरिशत्सेलला जातात, उरलेले शाफ्टलाखला पुन्हा तुटून लेंगग्रीस आणि टेगर्नसेला. पूर्वी अमृतसर एक्सप्रेसचे धुळ्याचे डबे चाळीसगावला कापायचे, तसंच. हे ठाऊक असूनही टेगर्नसेचं तळं बघायला निघालेली मी बायरिशत्सेलच्या डब्यात. उतरले तर रविवार, दुकानं बंद (तिकडं रविवारी कायद्यानंच बंद), फोनची बॅटरी संपत आलेली. बाकावरच्या आजींना मोडक्या जर्मनमध्ये विचारलं. टेगर्नसे म्हटल्यावर त्या आधी पोटभर हसल्या, मग काठीनं मातीत रेघ ओढून दाखवली: नदीकाठानं चालत जा, गाइताऊला गाडी मिळेल. नदी लाइत्साख. वाटेतल्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नाहीत, चालायला किती वेळ लागेल तेवढंच. कुंपणाकडेला गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. एकीनं मान बाहेर काढून माझी पिशवी हुंगली, आत मेथीचे पराठे होते. भीती वाटली नाही असं नाही, पण मजाही तेवढीच आली.

रात्री आईला फोनवर सांगितलं. "एकलीच व्हती का तू?" मी हो म्हटलं. जरा वेळ गप्प, आणि मग, "त्या गाया कितलं दूध देतस?"

काळजी घ्यायचीच. शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघा, पॉवर बँक ठेवा, एका मैत्रिणीला लोकेशन पाठवा. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं, तेव्हा सकाळीच निघा. घरच्यांना मात्र आधी विचारू नका, परत आल्यावर सांगा.