डेन्मार्क 'शंभर टक्के सेंद्रिय' झालेला नाही

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की गेली काही वर्षे एक संदेश हमखास पुढे येतो. डेन्मार्क हा जगातला पहिला शंभर टक्के सेंद्रिय देश ठरला आहे, तेथे रासायनिक खते आणि कीटकनाशके यांवर बंदी आहे, सरकारने मनावर घेऊन एका कायद्याने हे घडवून आणले आणि तिथली जनता आता केवळ विषमुक्त अन्नच खाते, असा त्याचा सारांश असतो. शेवटी बहुधा 'मग आपल्यालाच का जमत नाही?' असा प्रश्नही जोडलेला असतो. या विधानांत तथ्याचा अंश थोडाच आहे, तरी तो कुठून आला हे पाहण्यासारखे आहे.

पहिले विधान शंभर टक्क्यांचे. डेन्मार्कमध्ये सुमारे 26 लाख हेक्टर शेतजमीन आहे, म्हणजे देशाच्या भूमीपैकी जवळजवळ 60 टक्के. त्यातील सेंद्रिय क्षेत्र 2020 च्या सुमारास 3 लाख हेक्टरच्या आसपास होते. टक्केवारीत हा आकडा अकरा-बाराच्या घरात जातो आणि त्यानंतरही तो फारसा पुढे सरकलेला नाही. मूळ बातमी जानेवारी 2015 ची आहे. तेव्हाचे अन्न व कृषिमंत्री डॅन योर्गेनसेन यांच्या कार्यकाळात सरकारने सेंद्रिय शेतीचा एक आराखडा जाहीर केला होता. 2007 मधील सेंद्रिय क्षेत्र 2020 पर्यंत दुप्पट करायचे आणि शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम यांसारख्या सार्वजनिक स्वयंपाकघरांत 60 टक्के जिन्नस सेंद्रिय असावेत, अशी त्याची दोन ठळक उद्दिष्टे होती. पुढे काही इंग्रजी संकेतस्थळांनी 'पहिला शंभर टक्के सेंद्रिय देश' असा मथळा दिला आणि 'दुप्पट'चे 'संपूर्ण' झाले. गंमत अशी, की क्षेत्र दुप्पट करण्याचे खरे उद्दिष्ट डेन्मार्कने जवळजवळ गाठले. परंतु दहा गुंठ्यांचे वीस गुंठे झाले म्हणून त्याचा एकर होत नाही.

'पहिला' या बिरुदाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. क्षेत्राच्या प्रमाणात युरोपातच लिक्टेनश्टाइन आणि ऑस्ट्रिया हे देश डेन्मार्कच्या कितीतरी पुढे आहेत. ऑस्ट्रियात चौथ्या हिश्शाहून अधिक शेतजमीन सेंद्रिय आहे. शंभर टक्के सेंद्रिय असल्याची अधिकृत घोषणा झालेला प्रदेश हवा असेल, तर 2016 च्या जानेवारीत तशी घोषणा सिक्कीमची झाली. तो आपल्याच देशात आहे, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

बंदीचे विधान तर साफ चुकीचे आहे. डेन्मार्कमध्ये कीटकनाशकांवर कर आहे आणि 2013 पासून तो औषध आरोग्याला व पर्यावरणाला किती घातक आहे यावर ठरतो. जे औषध अधिक घातक, त्यावर कर अधिक, असा त्याचा हिशेब आहे. ग्लायफोसेटसारखे तणनाशक मात्र तेथील शेतांत सर्रास वापरले जाते. खतांच्या बाबतीत प्रत्येक शेताला नत्राची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते आणि किती टाकले याचा हिशेब दरवर्षी सरकारला सादर करावा लागतो. या नियमांमागे सेंद्रियतेचा आग्रह नसून पाण्याची चिंता आहे. तेथे पिण्याचे पाणी जवळजवळ सगळे भूगर्भातून येते आणि बहुतेक ठिकाणी क्लोरीन न घालता नळाला सोडले जाते. शिवाय शेतातून वाहून जाणाऱ्या नत्रामुळे खाड्यांमधला प्राणवायू घटतो. असे असूनही 2015 च्या अखेरीस, म्हणजे हा संदेश जोरात असतानाच, नव्या सरकारने शेतकऱ्यांच्या मागणीवरून नत्राची मर्यादा वाढवली. त्या प्रस्तावासाठी मांडलेल्या आकडेवारीवरून एवढा गदारोळ झाला, की फेब्रुवारी 2016 मध्ये पर्यावरण व अन्नमंत्री एव्हा केर हान्सन यांना पद सोडावे लागले. ज्या खतावर म्हणे बंदी होती, तेच अधिक वापरू देण्याच्या निर्णयापायी तेथे मंत्र्याची खुर्ची गेली.

'एका कायद्याने घडले' हे विधान मला अधिक खटकते, कारण खरी गोष्ट अधिक उपयोगाची असून ती या वाक्याखाली गाडली जाते. सेंद्रिय शेतीचा स्वतंत्र कायदा डेन्मार्कने 1987 मध्येच केला, आणि अशा कायद्यांत तो जगातल्या अगदी आरंभीच्यांपैकी मानला जातो. पाठोपाठ मुकुटाखाली तिरकी रेघ मारलेले 'ओ' हे लाल अक्षर आणि 'सरकारी तपासणी झालेले सेंद्रिय' अशा अर्थाचे शब्द असलेले चिन्ह आले. तपासणी सरकारी निरीक्षक करतात आणि तिचे शुल्क शेतकऱ्याकडून घेतले जात नाही. आपल्याकडे निर्यातक्षम प्रमाणपत्र घेताना प्रमाणन संस्थेचे शुल्क एखाद्या गटाला किती जड जाते, हे ज्याने ते भरले आहे त्याला विचारावे. 1990 च्या दशकात तिथल्या सहकारी दुकानसाखळीने सेंद्रिय मालाचे दर उतरवले, तेव्हा दुधाला खऱ्या अर्थाने गिऱ्हाईक मिळाले.

त्यानंतरची पायरी स्वयंपाकघरांची. कोपनहेगन महापालिकेने पाळणाघरे, शाळा आणि वृद्धाश्रम यांच्या शेकडो स्वयंपाकघरांत 90 टक्के जिन्नस सेंद्रिय असावेत असे ठरवले आणि ती जवळपास तिथवर पोहोचली. जिन्नसांच्या रोजच्या खर्चाची तरतूद त्यासाठी वाढवली नव्हती. पैसा गेला तो स्वयंपाक्यांच्या प्रशिक्षणावर. मांसाचे प्रमाण उतरले, डाळी आणि कंदमुळे वाढली, तयार पाकिटांऐवजी पाव आणि सूप तिथेच होऊ लागले, भाजी हंगामाप्रमाणे घेतली जाऊ लागली आणि उरलेले अन्न फेकण्याआधी मोजले जाऊ लागले. अशा स्वयंपाकघरांसाठी कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशी तीन चिन्हे आहेत. त्यांची सुरुवात अनुक्रमे 30, 60 आणि 90 टक्क्यांपासून होते आणि बिले दाखवल्याशिवाय ती मिळत नाहीत. शेतकऱ्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळाले ते अशा कंटाळवाण्या हिशेबातून, आणि त्याला तीसेक वर्षे लागली.

राहता राहिले जनतेच्या ताटाचे. किरकोळ अन्नविक्रीत सेंद्रिय मालाचा वाटा डेन्मार्कमध्ये बारा-तेरा टक्क्यांपर्यंत गेला आहे, आणि जगात हे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत त्याची गणना होते. दूध, अंडी, गाजर आणि ओट यांत तो याहून बराच मोठा आहे. परंतु उरलेला सगळा माल नेहमीचाच असतो. डुकरांची स्थिती त्याहून बोलकी आहे. साठ लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येच्या या देशात कोणत्याही दिवशी एक कोटीहून अधिक डुकरे असतात आणि त्यांतली सेंद्रिय शंभरात दोनही भरणार नाहीत, कारण सेंद्रिय मादीला उघड्या कुरणात झोपडीवजा निवारा द्यावा लागतो आणि पिले तिच्याजवळ अधिक आठवडे ठेवावी लागतात. बाकीच्या गोठ्यांतील शेण-मूत्र ठरावीक मर्यादेपर्यंत सेंद्रिय शेतांनाही वापरता येते. तेव्हा 'रसायनमुक्त डेन्मार्क'मधल्या सेंद्रिय गव्हाचे पोषणसुद्धा काही अंशी बिगरसेंद्रिय डुकरांकडून येते.

2022 मध्ये महागाई वाढली, तेव्हा डॅनिश ग्राहकांनी सेंद्रिय मालाची खरेदी कमी केली. त्यानंतर सेंद्रिय क्षेत्रात थोडी घट झाली आणि काही शेतकरी पुन्हा नेहमीच्या शेतीकडे वळले. बंदी खरोखरच असती, तर त्यांना वळायला वाटच उरली नसती.