किनाऱ्यावरचा पांढरा प्रवाळ टाकीत वाढत नाही

मालवणच्या किनाऱ्यावर मिळालेला प्रवाळाचा पांढरा तुकडा खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवला की महिन्याभरात त्यावर रंग चढतो आणि तो वाढू लागतो, तुटलेला असल्यामुळे कायद्याचीही अडचण नाही, असा संदेश सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

तो पांढरा तुकडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा नुसता सांगाडा. त्यावर राहणारे पॉलिप, म्हणजे सांगाडा बांधणारे इवले जीव, कधीच मेलेले असतात. नंतर दिसणारा हिरवा-तपकिरी थर शेवाळाचा, आणि गुलाबी, टणक थर कोरॅलाइन शैवालाचा. प्रवाळ पुन्हा जगल्याची ती खूण नव्हे.

टाकीत प्रवाळाची संख्या वाढवतात ती जिवंत तुकड्यापासून. ॲक्रोपोरासारख्या फांदीदार प्रवाळाची निरोगी फांदी कापून सायनोॲक्रिलेट गोंदाच्या जेलने सिरॅमिकच्या चकतीवर चिकटवतात. काही आठवड्यांत ऊती कडेने पसरून चकती धरते. पण सांगाडा बांधताना प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत वापरतो, म्हणून कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखावे लागते, आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप) तर त्याहून आधी घसरते, तीच वरचेवर मोजावी. नवशिक्यांचे तुकडे बहुधा इथेच मरतात.

कायद्याचे सांगायचे तर सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. तुकडा मेलेला असला तरी हे संरक्षण लागू होते. कृपया तो वाळूतच राहू द्या.